प्लास्टरचा साचा आणि जिवंत हात

पॅरिस नगराच्या उत्तर भागात मोंमार्त्र नावाची एक टेकडी आहे. आज तेथे चित्रकारांची व प्रवाशांची वर्दळ असते. परंतु पूर्वी या टेकडीच्या पोटात जिप्सम नावाच्या मऊ दगडाच्या खाणी होत्या. नखानेही ओरखडा उठावा इतका हा दगड मऊ. तो भट्टीत भाजून त्याची पांढरी भुकटी करीत आणि तीत पाणी कालवून घरांच्या भिंतींना गिलावा करीत. या खाणींमुळे त्या भुकटीस ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हे नाव पडले आणि पुढे ती जगात कोठेही तयार होऊ लागली तरी नाव तेच राहिले. आपल्या देशात जिप्समचे मोठे साठे राजस्थानात आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, ही भुकटी तुम्हांला अपरिचित नाही. मूर्तिकारांच्या कारखान्यात, दिवाणखान्याच्या छतावरील नक्षीत, मोडलेल्या हाडावर बांधलेल्या पट्टीत तुम्ही ती पाहिली आहे. शाळेतील चित्रकलेच्या खोलीतही तिची एखादी पिशवी कोपऱ्यात असतेच. ती स्वस्त आहे, तिला वास नाही, हाताला ती मऊ लागते आणि पाण्यात कालवली की दह्यासारखी दिसते. अशा सौम्य पदार्थापासून कोणाला काही इजा होईल ही शंकाही मनाला शिवत नाही. म्हणूनच त्याचा स्वभाव नीट समजून घेणे आवश्यक आहे.

जिप्सममध्ये कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. तो सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे यांपैकी तीन चतुर्थांश पाणी वाफ होऊन निघून जाते व प्लास्टर उरते. या प्लास्टरला पुन्हा पाणी मिळाले की ते गमावलेले पाणी अधाशीपणे ओढून घेते आणि पुन्हा जिप्सम बनते. त्या वेळी सुईसारखे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात व लगदा दगडासारखा कठीण होतो. प्लास्टर वाळते म्हणून कठीण होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तळाशीही ते कठीण होईल. येथे घडतो तो रासायनिक संयोग. आणि भट्टीने दिलेली जी उष्णता भुकटीने जणू उसनी घेऊन ठेवलेली असते, ती या संयोगाच्या वेळी ती परत करते. कठीण होणारे प्लास्टर तापते ते यामुळे.

किती तापते? याचे एकच उत्तर देता येत नाही. पाणी पुष्कळ घालून पातळ कालवलेले प्लास्टर कमी तापते. कारण अधिक असलेले पाणी उष्णतेचा वाटा शोषून घेते. घट्ट कालवलेले अधिक तापते. १०० भाग प्लास्टरला संयोगासाठी १९ भागांहूनही थोडे कमी पाणी पुरते. परंतु ते कालवता व ओतता यावे म्हणून आपण ५० ते ७० भाग पाणी घालतो. पाणी कोमट असेल तर आरंभच वरच्या पायरीवरून होतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाडीची. ताटात पसरलेला भात पाहता पाहता निवतो, पण पातेल्यातील भाताच्या मध्यभागी अर्ध्या तासानेही बोट घालवत नाही, हा अनुभव प्रत्येक घरचा आहे. प्लास्टरचेही तसेच. पातळ थराची उष्णता हवेत निघून जाते; बादलीभर गोळ्याची उष्णता आतच कोंडते आणि त्याचे तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकते.

साठ अंश म्हणजे काय, हे चहाच्या कपावरून ठरवू नये. कढत कप आपण तत्काळ खाली ठेवतो. साच्यात अडकलेला हात खाली ठेवता येत नाही. उष्णतेने कातडी केव्हा भाजते याचा मूलगामी अभ्यास मॉरिट्झ व हेन्रिक्स या दोन संशोधकांनी केला आणि १९४७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की कातडीचे तापमान ४४ अंश असेल तर ती भाजण्यास सुमारे सहा तास लागतात. तेथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशागणिक हा अवधी जवळजवळ निम्मा होत जातो. आणि ६० अंशांस अवघे पाच सेकंद पुरतात. तापमान आणि काळ या दोहोंचा एकत्र विचार केला पाहिजे, तो याकरिता. आंघोळीला सहन होते तेवढे ऊन पाणीही तासभर एकाच जागी चिकटून राहिले, तर ते सहन होणार नाही.

जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा किंवा हातांचा ठसा घेण्याची हौस फार जुनी आहे. इटलीतील चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ही रीत सविस्तर सांगितली आहे. श्वासोच्छ्वासासाठी नाकपुड्यांत धातूच्या नळ्या बसवाव्यात असे तो सांगतो; आणि ज्याचा ठसा घ्यावयाचा तो मोठा सरदार असेल, तर प्लास्टर गुलाबपाण्यात कालवावे अशीही सूचना करतो! सामान्य माणसास मात्र साधे कोमट पाणी पुरे. सुगंधाची चिंता केली. कोमट पाण्याने प्लास्टर अधिक लवकर तापते हे मात्र त्या काळी कोणाच्या ध्यानी आले नसावे.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्यावर गुदरलेला प्रसंग या बाबतीत फार बोलका आहे. १८२५ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्राउअर नावाचा एक शिल्पकार त्यांच्या माँटिसेलो येथील घरी आला. जेफर्सन तेव्हा ८२ वर्षांचे होते व आजाराने थकले होते. काम वीस मिनिटांत होईल, त्रास काहीच नाही, असे शिल्पकाराने त्यांना सांगितले. अधिक चौकशी न करता त्यांनी होकार दिला. मस्तकावर व चेहऱ्यावर पातळ थरांमागून थर चढले. पण वीस मिनिटांचा तास झाला आणि प्लास्टर असे कठीण झाले, की ते निघेना. वृद्ध जेफर्सन यांना तोंडाने बोलताही येईना. जवळची खुर्ची वाजवून त्यांनी इतरांचे लक्ष वेधले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. शेवटी हातोडा व छिन्नी घेऊन तो साचा तुकड्यातुकड्यांनी फोडावा लागला. आपले मित्र मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात जेफर्सन यांनी हा प्रसंग विनोदाने वर्णिला आहे: प्लास्टरपासून कान सुटण्याऐवजी डोक्यापासूनच सुटतात की काय, अशी पाळी आली होती, अशा अर्थाचे ते लिहितात. त्यानंतर आपले पुतळे करवून घेण्याच्या हौसेस त्यांनी कायमचा रामराम ठोकला. एवढा चौकस मनुष्य, वनस्पतींपासून यंत्रांपर्यंत प्रत्येक गोष्टीची टिपणे ठेवणारा. पण स्वतःच्या डोक्यावर काय थापले जाणार आहे, हे विचारावयास विसरला.

याच्या उलट उदाहरण अब्राहम लिंकन यांचे. १८६० साली शिकागो येथे लेनर्ड व्होक या शिल्पकाराने त्यांच्या मुद्रेचा साचा घेतला. तोही सुमारे तासभर चेहऱ्यावर होता आणि गालांच्या उंच हाडांमुळे तो सहज निघेना. लिंकन यांनी मान खाली घालून दोन्ही हातांनी तो हळूहळू हलवीत स्वतःच सोडविला. साचा अखंड निघाला. मात्र कानशिलांवरचे काही केस त्याच्याबरोबर उपटून आले आणि त्या धिप्पाड पुरुषाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. थोड्याच दिवसांनी, राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव जाहीर झाल्यावर, व्होकने स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्या हातांचे साचे घेतले. अभिनंदनासाठी आलेल्या लोकांशी हस्तांदोलन करून करून उजवा हात सुजलेला होता. ती सूज त्या प्रतिमेत आजही दिसते. मुठीत धरावयास काहीतरी हवे म्हणून लिंकन स्वतः उठून केरसुणीचा दांडा कापून घेऊन आले, असे व्होकने लिहून ठेवले आहे.

या गोष्टी वाचताना हसू येते. कारण त्यांचा शेवट बरा झाला. पुढील हकीकत तशी नाही.

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला १६ वर्षांची एक विद्यार्थिनी स्वतःच्या हातांची प्रतिमा बनवीत होती. अशा कामात हाताचा ठसा आधी मातीत किंवा अन्य मऊ पदार्थात घ्यावयाचा असतो. तिने मात्र दोन्ही हात सरळ प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर घट्ट झाले, तापू लागले, आणि हात निघेनात. पुढे तिच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही एका हाताचे एकही बोट वाचले नाही आणि दुसऱ्या हाताची केवळ दोन राहिली. २००९ साली न्यायालयाने त्या शाळेस दंड केला. दंडाची रक्कम कितीही असली, तरी त्या आठ बोटांची किंमत तीत कोठून येणार?

शिक्षक म्हणून आयुष्य घालविलेल्या माणसाला ही हकीकत वाचून प्रथम एकच प्रश्न पडतो: मुलीने हात तत्काळ बाहेर का काढले नाहीत? ती काही तान्हे मूल नव्हती. याचे उत्तर प्लास्टरच्या वेळापत्रकात आहे. कालवल्यानंतर पहिली काही मिनिटे लगदा गार असतो. त्यात हात बुडविला तर उलट सुखद वाटते. साधारण दहा मिनिटांनी तो आवळू लागतो. खरी उष्णता यानंतर वाढते. म्हणजे जोवर हात निघू शकतो, तोवर तो का काढावा हे कळत नाही. आणि कळते तेव्हा हात निघत नाही. त्यातच कठीण होताना प्लास्टर किंचित प्रसरण पावते व प्रत्येक रेषेत, प्रत्येक सुरकुतीत घुसते. मनगट बारीक, पंजा रुंद, बोटे वाकलेली. अशा वस्तूभोवती दगड तयार झाला, की ती मागे ओढण्यास वाटच उरत नाही. बोटात अंगठी असेल तर बिकट अवस्था अधिकच बिकट होते. कारण बोट सुजते, अंगठी सुजत नाही.

आता कोणी विचारील, की मग वैद्य मोडलेल्या हातापायाला प्लास्टर कसे बांधतात? ही शंका योग्य आहे. पट्टीवर कोरडे प्लास्टर चोळून, ती ओली करून बांधण्याची युक्ती मातायसन या डच लष्करी शस्त्रवैद्याने १८५१ साली शोधून काढली आणि लाखो माणसांची मोडलेली हाडे तिने सरळ सांधली. परंतु तेथे कातडी व प्लास्टर यांच्यामध्ये कापसाचे अस्तर असते, थर मोजके असतात आणि पाणी गार असते. इतके असूनही क्वचित रुग्ण प्लास्टरखाली भाजल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदली गेली आहेत. त्यांचा अभ्यास केला तेव्हा कारणे नेमकी तीच आढळली: पट्टी गरम पाण्यात बुडविली, थर फार चढविले, अथवा ओले प्लास्टर उशीवर टेकवून ठेवले. उशी मऊ असते, पण ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून प्लास्टर सुकेपर्यंत हात उघडा ठेवा व आत चटके बसू लागले तर लगेच सांगा, असे डॉक्टर बजावतात. रुग्णाने ते ऐकले पाहिजे.

पुणे येथे १९४४ साली स्थापन झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. युद्धात अथवा अपघातात पाय गमावलेल्या माणसास नवा पाय बसवावयाचा, तर तो उरलेल्या अवयवावर तंतोतंत बसला पाहिजे. तसूभर फरक पडला तरी चालताना कातडी सोलवटते. अशा कामी अवयवावर प्रथम मोजा चढवतात. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांचे काही थर गुंडाळतात. पट्ट्या घट्ट झाल्या की पोकळ कवच काढून घेतात. आणि मग त्या रिकाम्या कवचात पातळ प्लास्टर ओतून अवयवाची भरीव प्रतिमा बनवतात. या क्रमाकडे नीट लक्ष द्या. भरीव प्लास्टर येथे शरीराला कोठेच लागत नाही. ते ओतले जाते तेव्हा माणूस बाजूला बसून पाणी पीत असतो. जाणत्या कारागिराची सारी रीत एवढ्या एका गोष्टीत आहे.

शाळेत हाताचा ठसा घ्यावयाचा असेल तर हीच रीत सोपी करून वापरता येते. शाडूच्या मातीची दोन बोटे जाड वडी थापावी. तीवर पंजा ठेवून सावकाश दाबावा आणि उचलून घ्यावा. मातीवर तळहाताच्या रेषासुद्धा उमटतात. ठशाच्या चहूबाजूंनी मातीचाच बांध घालावा. मग एका जुन्या प्लास्टिकच्या भांड्यात गार पाणी घ्यावे आणि त्यात प्लास्टर चिमटीचिमटीने भुरभुरावे. प्लास्टरवर पाणी ओतू नये, गुठळ्या होतात. पाण्याच्या वर भुकटीची लहान लहान बेटे दिसू लागली, की प्रमाण झाले. फेस न आणता काठीने ढवळावे, हाताने ढवळू नये, व ठशात हळूच ओतावे. अर्ध्या पाऊण तासाने माती सोडवली, की तुमचा पंजा तुमच्या हाती येईल. ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी प्लास्टरच्या पाठीला बाहेरून क्षणभर तळहात लावून पाहा. एवढी लहानशी वडीदेखील ऊन झालेली आढळेल. बादलीचा अंदाज त्यावरून तुम्हीच करा.

बोटे वाकवलेला सबंध हात हवा असेल, तर माती चालत नाही. त्यासाठी अल्जिनेट नावाची भुकटी मिळते. ती तपकिरी सागरी शेवाळापासून काढलेल्या द्रव्याची असते. दाताचे डॉक्टर दातांचा ठसा घेतात तो हिचाच. पाण्यात कालवली की काही मिनिटांत तिचा खरवसासारखा लवचिक गोळा होतो. तो तापत नाही, आणि हात हलकेच हलवला की सुटतो. राहिलेल्या पोकळीत मग प्लास्टर ओतावयाचे. पण त्याच दिवशी, कारण अल्जिनेट सुकून आकसते. ती प्लास्टरपेक्षा महाग पडते, हे खरे. ज्या शाळेला ती परवडत नाही, तिने शाडूवर समाधान मानावे. शाडूचा ठसा काही कमी सुंदर नसतो.

भुकटी हाताळताना नाकाला रुमाल अथवा मुखपट्टी बांधावी व डोळ्यांत कण जाऊ देऊ नयेत. उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते नळात जाऊन दगड होते, आणि मग गवंड्यास बोलवावे लागते. आणखी एक गोष्ट. दुकानात पांढऱ्या भुकट्या पुष्कळ असतात. चुना, पांढरा सिमेंट आणि प्लास्टर या दिसावयास सारख्या, परंतु चुना व सिमेंट कातडीला रासायनिक रीत्या जाळतात. त्यांचा थंडपणाही फसवा असतो. सुटी भुकटी कागदात बांधून आणली, तर ती कोणती आहे याची खात्री केल्यावाचून तिला पाणी लावू नये.

चेहऱ्याचा साचा मुलांनी एकमेकांवर कधीही घेऊ नये. तेथे डोळे आहेत, श्वास आहे. आणि ज्याच्या चेहऱ्यावर प्लास्टर आहे त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही. जेफर्सन यांच्याजवळ निदान खुर्ची होती.

एखाद्याच्या हाताभोवती प्लास्टर घट्ट होऊ लागल्याचे दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता हात बाहेर काढावा. प्रतिमा बिघडेल याची तमा बाळगू नये. हात अडकलाच, तर भांडे कापून दूर करावे, वरून सारखे गार पाणी सोडावे, कडेने तुकडे तोडीत जावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हात मोकळा झाल्यावर अंगठ्या व बांगड्या काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ लावू नये. तूप, हळद, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. मूल रडावयाचे थांबले, दुखत नाही म्हणू लागले, तरी दवाखान्यात जाणे टाळू नये. कारण जखम फार खोल गेली म्हणजे वेदना जाणवून देणारे मज्जातंतूच जळून गेलेले असतात.

स्वाध्याय

१. प्लास्टर वाळल्यामुळे कठीण होते, हे म्हणणे चूक का, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. ताटातील भात व पातेल्यातील भात यांचा दाखला लेखकाने कशासाठी दिला आहे?

३. पुण्याच्या केंद्रातील कामाची रीत आणि लिंकनशायरमधील शाळेत घडलेली गोष्ट, यांत नेमका फरक कोणता?

४. शिक्षकांच्या देखरेखीखाली शाडूच्या मातीत तुमच्या पंजाचा ठसा घ्या व त्या कामाचे वर्णन दहा-बारा ओळींत लिहा. ओतलेले प्लास्टर किती वेळाने ऊन लागू लागले, हे घड्याळ लावून नोंदवा.